जादाची टिचकी

विट्याच्या स्टँडमागं माझा रेवणसिद्ध सायबर कॅफे.
चार मशिनं. अर्ध्या तासाला दहा रुपये,
लोडशेडिंगला बॅटरीवर दोनच चालायची.

साडेअकराला महिपतीआबा येणार,
टोपी काढून मॉनिटरवर ठेवणार,
सोन्याचा भाव बघणार.
पोरगा त्रिचूरला गलाईच्या दुकानात.
रोज एक फोन. त्यात भावाचं तेवढं बोलायचं,
बाकीचं गप्प राहून.

एका सोमवारी भावाची चौकट हलेना.
राखाडी. भोवती बारीक रेघ, वर चिठ्ठी:
आधी इथं टिचकी मारा, मग चालू होईल.
मी केबल हलवली, मशिन बंद करून लावलं.
शेजारच्या मशिनवर तीच चिठ्ठी,
कराडच्या मित्राकडंही तीच.

मग कळलं.
लांब कुठल्याशा कोर्टात एकजण म्हणाला होता,
पानात हलती चौकट बसवायची ही युक्ती माझी,
कागद आहे माझ्याकडं.
ब्राउझरवाल्यांनी पैसे वाचवले, चौकट मुकी केली.
माणसानं हात लावल्यावर ती बोलली
तर म्हणे चोरी होत नाही.

आबांना कसं सांगायचं?
म्हटलं, जकात नाका समजा.
"माल कुणाचा?"
तुमचाच.
"मग पावती?"
पावती नाही, आबा.

आबा हसले नाहीत.
"आम्ही सोनाराच्या दुकानातली झाडलोट इकत घेतो.
राख, केस, पायपुसणं. जाळतो, गाळतो,
गुंजभर निघतं.
पर अजून कुणी आला न्हाई सांगत
की इस्तव माझा."

त्या दिवशी हिशेबाच्या वहीत मी रेघा ओढल्या.
रात्रीपर्यंत एकशे बारा जादाच्या टिचक्या,
एकट्या विट्यात, एकट्या माझ्या दुकानात.
दिवाळीपर्यंत दोन माऊस गेले.
त्यानंच गेले असं मी कुठल्या कोर्टात म्हणणार नाही.

पुढं कधीतरी चिठ्ठी आपोआप गेली.
कोण जिंकलं, कुणी किती मोजले,
विट्याला कुणी कळवलं नाही.

आता मी मोबाइलची कव्हरं विकतो.
आबा येतात, टोपी काउंटरवर, फोन हातात.
पहिल्या टिचकीलाच भाव येतो.
आबा थांबतात,
आणि दुसरी मारतातच.
आकडा फुगतो, काचेच्या कडेबाहेर जातो,
मधोमध एक शून्य उरतं.
"हां," म्हणतात, "झालं चालू."