कोऱ्या किती?

सेंट ओनेझिमच्या नगरकचेरीत
मी चौतीस वर्षं मतं मोजली.
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी,
कुंपण घालत जावं तशी, मध्यरात्र उलटेपर्यंत.
मेन राज्याचं हे टोक. नदीपल्याड कॅनडा,
अल्याड बटाटे,
आणि बटाट्यांच्या मधोमध
क्लोव्हिस वूलेट.

१९७८. अकरा मतांनी पडला.
ट्रकच्या दिव्यांत उभं राहून
जिंकणाऱ्याचा हात हातात घेतला,
मग टोपी काढून आत आला आणि म्हणाला,
"कोऱ्या किती?"
कोऱ्या कुणी मोजत नाही, मी म्हटलं.
"मोज की. रांगेत तर तेही उभे होते."
तेवीस निघाल्या.

१९८०. तीन मतांनी आला.
फेरमोजणीत चार.
चौथं पेटीच्या फटीत अडकलं होतं,
दुमडलेलं, शिसानं मळलेलं.
पलीकडची माणसं अजून म्हणतात, ते मीच कोंबलं.
म्हणोत बापडी.

पुढं सलग सहा वेळा, त्यातल्या दोनदा बिनविरोध.
राजधानी पाच तासांवर.
सोमवारी मध्यरात्रीच निघायचा,
शेजारच्या सीटवर फडक्यात गुंडाळलेली
बकव्हीटची पिवळी धिरडी.
मांडलेली विधेयकं सदतीस, मंजूर नऊ.
एक, बटाटे काढणीच्या शाळासुट्टीला कुणी हात लावू नये म्हणून.
एक, पुलावरच्या दिव्यांचं.
आणि एक नुसतं एका शब्दाचं:
जुन्या कायद्यात 'बाप' होतं, तिथं 'आईबाप' केलं.
त्याला टाळी पडली नाही.

मग ते अंदाजपत्रक,
ज्यात आमच्या दवाखान्यातला प्रसूतिकक्ष गेला.
त्यानं बाजूनं हात वर केला.
का, ते सांगितलं त्यानं, रेडिओवर, चर्चच्या पायरीवर,
आकड्यांसकट.
आकडे मला कळतात. पटले नाहीत.
जानेवारीत माझी सून
नव्वद मैल बर्फातून निघाली,
नातू साठाव्या मैलावर झाला.

१९९४. पडद्यामागे गेले,
पेन्सिल उचलली,
शेरीफपासून शाळासमितीपर्यंत सगळ्यांपुढं खुणा केल्या.
त्याच्या रकान्याशी थांबले. विरोधकाचंही तोंड बघवेना.
तसाच सोडला.
रात्री तो आला, निवडून आलेला, दमलेला.
"कोऱ्या किती?"
"एक्केचाळीस."
माझ्या आवाजात काही होतं का, ठाऊक नाही.
त्यानं खिशातल्या वहीत आकडा टिपला
आणि पुढचा उन्हाळाभर दारोदार हिंडला
त्या एक्केचाळीसांना शोधत.

माझ्याही व्हरांड्यात बसला.
नातवाच्या ट्रॅक्टरचं निखळलेलं चाक
चाकूच्या टोकानं बसवून दिलं.
मी कॉफी ओतली.
"काय गंमत बघ," तो म्हणाला,
"एक्केचाळीसांतले सत्तावन्न सापडले!"
आणि असा हसला की कप हिंदकळला.
मी अठ्ठावन्नावी. बोलले नाही.

१९९६. कागद गिरणी बंद पडली,
कुणाला तरी हरावंच लागणार होतं.
दोनशे चार मतांनी.
चार वर्षं त्यानं स्कूलबस चालवली,
मग परत उभा राहिला. एकोणीस मतांनी आला,
आणि मरेपर्यंत राहिला.
शेवटच्या खेपेला समोर कुणीच नव्हतं.
तरी आला, काठी टेकत,
आणि तोच प्रश्न.

बावीस महिने झाले की मतपत्रिका नष्ट करायच्या, असा नियम आहे.
चौऱ्याण्णवची पेटी मी स्वतः नेली कचरा-डेपोवर.
उघडली नाही.
उघडून तरी काय ओळखणार होते,
कोरा कागद सगळ्यांचा सारखाच.

मार्चमध्ये पोटनिवडणूक झाली.
चांगली आहे पोरगी, डेनीज फर्मां, परिचारिका आहे.
मोजणी पावणेअकराला आटोपली.
तिनं विचारलं, किती मतांनी?
सांगितलं. मिठ्या झाल्या, फोटो झाले,
गाड्या सुरू होऊन निघून गेल्या.
खुर्च्या मिटल्या मी. दिवा मालवायला गेले,
आणि परत फिरून
फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, कुणी विचारलं नसताना,
खडूनं लिहिलं:
कोऱ्या, बारा.