मदत डॉट आर

आर सुरू केलं की पहिल्या ओळीत मी एकच फाईल बोलावते.
तेवीस फंक्शनं आहेत तिच्यात. कुणासाठी म्हणून लिहिली नव्हती.
एक संघाची गाडी चुकली तेव्हा,
एक दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना.
नावंही अशीच पडत गेली, घरातल्या भांड्यांना पडतात तशी:
पुसून_घे. जुळव. परत_बघ. परत_बघ२.
आणि एक नुसतंच ह.
ह काय करतं, आता मलाही सांगता येत नाही.
काढलं की मार्चचा अहवाल कोसळतो.

सगळ्यात लांब फंक्शन गावांचं.
वडणगे, वडनगे, वडणगें, नुसतंच वड,
उकार आखडलेलं सांगरुळ,
सगळ्यांना दंडाला धरून आपापल्या वेशीत सोडतं.
एका ठिकाणी मात्र हात टेकले त्यानं.
शिरोली पुलाची, की शिरोली दुमाला?
नुसत्या शिरोलीवरून देवालाही कळायचं नाही.
तिथं ते थांबतं, मला विचारतं.
मी फोन लावते.

रिकामं लिहिलं पुराच्या वर्षी, रात्री दीडला.
चिखली, आंबेवाडीहून अकरा दिवस कॅन आले नव्हते
आणि कुणीतरी रकाने भरून टाकले होते:
शून्य, शून्य, शून्य.
सरासरी घसरली. साहेब म्हणाले,
या गावांचं दूध आटलंय, यादीत खाली घ्या.
आटलं नव्हतं.
म्हशी हायवेच्या कडेला दावणीला होत्या
आणि धार काढून लोक शाळेतल्या छावणीत
दिसेल त्या पोराच्या पेल्यात ओतत होते.
शून्य म्हणजे माणूस आला, झाकण उघडलं, आत काही नव्हतं.
रिकामं म्हणजे रस्ताच नव्हता.
एवढा फरक मशीनला सांगायला सोळा ओळी लागल्या.
साहेबांना जास्त.

मगदूम हे फंक्शनचं नाव, आणि माणसाचंही.
आण्णाप्पा मगदूम संकलनाची वही लिहायचे,
निळ्या शाईनं, पहाटे, घाईत.
त्यांचा एक आणि नऊ सख्खे भाऊ.
एकोणीस लिटर, की अकरा, की एक्याण्णव?
पहिल्या महिन्यात वही घेऊन मी दहादा जिना उतरले.
ते चष्मा कपाळावर ढकलायचे.
"बाई, ह्यो नऊ न्हाई, एक हाय.
नवाचं पोट बगा की, गोल असतंय.
आनी त्येंची एक म्हस गाबण हाय,
एकोणीस लिटर कुटनं येतंय?"

त्यांना घरं पाठ होती.
मला नव्हती, म्हणून फंक्शन लिहिलं:
कालचं दूध बघ, परवाचं बघ, गेला आठवडा बघ,
मग ठरव, एक की नऊ.
शंभरातले चार चुकायचे.
मगदूमांचा एखादा.

आता धैर्यशील आलाय, नवा मुलगा, विद्यापीठातून ताजा.
मॅडम, याचं नीट पॅकेज करू, म्हणतो.
प्रत्येकाला वर्णन हवं, उदाहरण हवं.
एकेक उघडतो, विचारतो, हसू दाबतो.
मगदूमपाशी थांबला.
"काट्यावरनं आकडे थेट छापून येतात, तीन वर्षं झाली.
वही बंद आहे. हे काढू?"

मगदूम हुपरीला असतात, लेकाकडे.
डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, असं कुणी सांगत होतं.

चालवून बघ, म्हटलं.
चाललं. सगळ्या गावांमधून, सगळ्या घरांमधून फिरून आलं,
कालचं, परवाचं, गेल्या आठवड्याचं बघून,
आणि पडद्यावर एक ओळ:
दुरुस्त केलेल्या नोंदी: ०

"बघा," धैर्यशील म्हणाला.
मी बघितलं.
शून्य होतं. रिकामं नव्हतं.

राहू दे.
"मग वर्णनात काय लिहू?"
लिही, नवाचं पोट बघतं.
"आणि ह?"
ह ला हात लावू नकोस.