उजवा अंगठा

आधी अंगठाच हलला. बशीच्या कडेवर
टक् टक्,
चकात सैल बसलेला जॉब वाजतो तसा.
मी म्हटलं, थांब की.
एकतीस वर्षं उद्यमनगरात, लेथवर,
यानंच मायक्रोमीटर फिरवला,
शतांश कमी, शतांश जास्त;
माझं ऐकायचा तो.

मग मनगट. मग कोपर.
मग ओठाचा उजवा कोपरा
कुणी दोरी लावून ओढल्यागत.
शमशाद म्हणाली, "कुणाला हसताय?"
हसत नाही गं, म्हणायचं होतं.
तोंडातून नुसता चहा आला.

शुद्ध होती सगळी. तेच वाईट.
दारावरनं गंगावेशीकडं रिक्षा गेली,
तिच्या मागचा नंबरसुद्धा वाचला मी.

सीपीआरमध्ये कोवळ्या डॉक्टरीणबाईंनी
फोटो उजेडावर धरला.
डाव्या अंगाला तीन पांढरे ठिपके,
हुपरीच्या पैंजणातनं गळलेल्या मण्यांएवढे.
"छोटे झटके येऊन गेलेत काका, तुमच्या नकळत.
हा मोटर भाग. इथं डाग पडला
की हाताला फिट येते."

मोटर म्हटल्यावर मला उमगलं.
वाइंडिंग जळालं असणार.
केसाएवढी एक तार,
आणि मशीन आपल्या मनानं फिरतं, बटण बंद असताना.
"रिवाइंड होत नाही का?"
त्या हसल्या नाहीत.
गोळ्या लिहिल्या, सकाळ-संध्याकाळ, चुकवायच्या नाहीत.
शिडीवर चढायचं नाही.
पंचगंगेत पोहायचं नाही.
लेथचं मी विचारलंच नाही.

फिट गेल्यावर हात तासभर मांडीवर पडून असतो,
पाहुण्याचा राहून गेल्यागत.
शमशाद तो उचलून उशीवर ठेवते
आणि काही न बोलता कांदा चिरायला बसते.
सुरीचा आवाज सारखा येतो.
सारखा आवाज बरा वाटतो आता.

काल बाळगोंडा आला,
नव्या पोरानं केलेला बुश रुमालात बांधून.
"दस्तगीरमामा, बघा जरा. पार्टी परत पाठवतीय."
उजवा उशीवर होता.
मी डावा अंगठा आत घातला,
डोळे मिटून एक फेरा मारला.
गार होतं. तेलाचा वास.
म्हटलं, दोन शतांश मोठा आहे.

त्यानं तिथंच मोजला.
तीन निघाले.

"जवळ आलात की," तो म्हणाला.
मी बुश परत दिला नाही.
आज सकाळपासनं
डाव्याला तो एक शतांश शोधायला लावलाय.