पुळका

आई हा शब्द दारातच ठेवायची, झाडूशेजारी.
कामठीचा गुणाकाका दोन वर्षांनी आला,
हातात पेढ्यांचा पुडा, पुड्याखाली प्लॉटचे कागद.
गल्लीच्या टोकाला दिसला तशी ती म्हणाली,
"आला बाप्पा पुळका."

टांडापेठेत तेव्हा एकेक माग बंद पडत होता.
निवडणुकीच्या जीपलाही आमचा पुळका यायचा,
गोळीबार चौकापर्यंत. पुढे रस्ता खराब.
मला कांजिण्या झाल्या तेव्हा धकातेबाईंना आला,
त्यांचा नळ आटला होता.
म्हणजे ताप आणि उलटी सोडून
माणसाला जे काही येतं तो पुळका,
असं मी बरीच वर्षं धरून चाललो.

पुढे महालातल्या एका छापखान्यात
मुद्रितं तपासायला लागलो.
"भावपूर्ण श्रद्धांजली"तला पू दीर्घ आहे ना,
दिवसातून चारदा बघायचो.
भाव मालक ठरवायचे,
ओळीमागे चाळीस रुपये.

एका दुपारी कोशात दुसरंच काही शोधताना सापडलं:
पुलक. आनंदानं अंगावर उभा राहणारा काटा.
त्याचाच हा पुळका.
कधीतरी खरा होता तर.
कोणीतरी कोणाला येताना नुसतं पाहिलं
आणि हातावरची लव उभी राहिली,
एवढ्यासाठी घडवलेला शब्द.
मधे किती पुडे आले, किती सह्या झाल्या,
कोशात नव्हतं.

रात्री आईला सांगितलं.
"असंन तुह्या पुस्तकात," ती म्हणाली.
"भात वाढू का अजून?"

मे महिन्यात मेयोत होती ती, खिडकीजवळची खाट.
गुणाकाका कामठीहून बसनं आला. रिकाम्या हातानं.
प्लॉट केव्हाच त्याचा झाला होता,
त्यावर तीन मजलेही चढले होते.
आता आमच्याकडे सही करण्यासारखं काही नव्हतं.
तो पायथ्याशी बसला,
एक्स-रेच्या पाकिटानं वारा घालू लागला.

आईनं डोळे उघडले नाहीत.
"आला?" एवढंच म्हणाली.
मी पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिलो.
"आलो ना वैनी," काका म्हणाला.

तिच्या हातावर, सलाईनच्या सुईपासून कोपरापर्यंत,
काटा उभा होता.
पण कूलर थेट खाटेवर मारत होता,
वाळा नवा, पाणी नुकतंच भरलेलं.

बंद करून बघता आलं असतं.
बाहेर शेहेचाळीस होतं.