वाया

मे महिना. कळमन्याच्या मिरची यार्डामागची अंगणवाडी.
कुंदा गोंडाणे सिस्टर बर्फाच्या पेटीतून कुपी काढतात,
गळ्यावरचा चौकोन उजेडाला धरतात.
वर्तुळाहून फिका. चालेल.

एक कुपी, दहा बाळांची.
फोडली की चारच तास.
आलंय एकच:
बिलासपूरकडची आई, नखांत तिखट,
म्हणून बाळ मनगटांवर तोललेलं.

"बाकीचे येईपर्यंत थांबाचं का जी?" आशाताई.

सिस्टरनं कुपी फोडलीसुद्धा.

डाव्या दंडावर तांदळाएवढी फुगवटी.
बाळ रडतं, आई ठसकते.
"चोळायचं नाही हं."
ती लाल बोटं वर करून हसते.

चार वाजता रजिस्टरात,
'वाया' च्या रकान्यात, नऊ.
वरचे विचारतील.
विचारू दे बाप्पा.