पातळी

हिडकलच्या पाण्यात एक लाँच बुडालेली आहे.
तिच्यावर उतरायचं तर आधी वहीत लिहावं लागतं:
नाव, वजन, रक्तगट, पातळी.

माझी पातळी एक.
बारा मीटर, उजेड असेल तोवर,
हात लावायचा नाही, आत डोकवायचं नाही.
इम्तियाज अग्निशमनचा, पातळी दोन:
कठड्यापर्यंत, केबिनच्या दारापर्यंत, दाराच्या अलीकडे.
इंजिनाच्या खोलीत जातात त्या फक्त प्रेसिला मॅडम,
दोरीचं रीळ सोडत,
हवेचे तीन वाटे करून:
एक जायला, एक यायला,
एक दुसऱ्या कुणाचा श्वास संपला तर.

"अंगठा वर म्हणजे झकास नव्हे," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"अंगठा वर म्हणजे वर चल."

लगमाण्णा अंबी काठावर तंबाखू मळत बसलेला.
वहीत त्याचं नाव नाही.
"माझी पातळी कुठली लिवतासा?
चाळीस वर्सं एका दमात जाऊन आलोय खाली.
खरं टाकी लावून कधी नाही."
मॅडम कारवारच्या. पेन उघडं ठेवून थांबल्या,
मग रकाना तसाच कोरा सोडला.

खाली पाणी काकवीसारखं.
हात लांब केला
की मनगटापुढचा हात आपला नाही.
मला दिसलं ते एक नळकांडं, त्यावरचं शेवाळ,
आणि एक मरळ, जी माझ्याकडे न बघता वळली.
एवढीच माझी लाँच.

इम्तियाजची वेगळी. त्यानं हातमोजा काढून
पुढच्या पाटीवरून बोटं फिरवली.
"वर गोल गोल अक्षरं हैत.
रंग उडालाय तिथं खाली आडवी रेघ लागते.
त्याच्याखाली परत गोल."
"मग नाव काय?"
"तीन थर आहेत की गे. कुठलं सांगू?"

मॅडमनी त्यांची लाँच सांगितलीच नाही.
वर आल्यावर तोंडातली नळी हातात धरून
बराच वेळ बसल्या.
गाळ उठला, म्हणाल्या. दोरी नसती तर.
वाक्य तिथंच.

मार्चात कालव्याला पाणी सोडलं.
रोज सकाळी पट्टीवरचा आकडा उतरला
आणि आम्ही काही न शिकता वरच्या वर्गात गेलो.
परवापर्यंत जे इम्तियाजचं होतं
ते माझ्या बारा मीटरांत आलं.
मी कठडा धरला. कुणी बघितलं नाही.

एप्रिलात छप्पर उघडं पडलं.
मेच्या दुसऱ्या आठवड्यात धनगराची एक शेळी
वहीत काही न लिहिता चढली
आणि पाटीवरचा सुटलेला पापुद्रा खाऊ लागली.
कुठल्या थराचा, बघायला धावलो,
तोवर तिनं गिळलाही.

तेवढा मागचा भाग अजून पाण्यात,
जुन्या नदीच्या खळीत रुतलेला.
लगमाण्णा चिखल तुडवत तिथवर गेला,
टोपी काढून इम्तियाजच्या हातात दिली.
"कुठं निघालासा, मामा?"
"इंजिनाच्या खोलीत. डबा राहिलाय माझा."

तेव्हा कुठं कळलं.
मॅडमनी वही उघडली, मिटली,
रिळाकडे हात नेला.
तो दम भरून गेलाही होता.

आम्ही तिघं मोजत राहिलो,
तिघं तीन वेगळ्या आकड्यांवर.