साखरेचा थर

वारो खंयचो, हे मी आधी विचारतो.
जेवलंस काय, ते नंतर.
प्रणिता फोनवर हसते: पपा,
इथे एकाच डोंगराला तीन वारे लागतात.

मी तारामुंबरीच्या धक्क्यावर,
पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून जाळ्याची भोकं सांधतोय.
ती दिवसभर औलीच्या वर
कमरेएवढ्या खड्ड्यात उभी राहून
बर्फाची भिंत वाचत होती.

वरचा थर परवाचा, म्हणते, वाऱ्याने आणलेला.
पश्चिमेची धार खरवडून त्याने
पूर्वेच्या उतारावर उशी भरून ठेवलीय.
स्की घेऊन आलेल्यांना नेमकी हीच उशी हवी असते.
तिच्याखाली उन्हाने धरलेली खपली.
आणि अगदी तळाशी, जमिनीला लागून,
डिसेंबरातल्या निरभ्र रात्रींनी केलेले मोकळे दाणे,
साखरेसारखे.
मुठीत दाबले तरी गोळा होत नाही, पपा.

गोळा न होणं मला कळतं.
खाडीच्या तोंडाशी ओहोटीला रेव उघडी पडते,
वरून फरशीसारखी टणक,
आणि माणूस मांडीपर्यंत आत.
ती हिमस्खलन म्हणते. मी दरड म्हणतो.
दरड म्हटल्यावर आमच्याकडे कुणी पुढचं विचारत नाही.

मग ती बर्फाचा एक खांब सुटा कापते,
त्यावर फावडं ठेवते, आणि थापटते.
मनगटातून दहा. कोपरातून दहा. खांद्यातून दहा.
कितव्या थापटीला सरकला ते वहीत.
माझी मावशी फणस असाच बघायची,
कान लावून, डोळे मिटून,
राहांदे अजून चार दिवस.

आज तेराव्याला सरकला.
तेरा म्हणजे वाईट?
आकड्याचं एवढं नाही, ती म्हणते,
सरकला कसा ते बघायचं.
टेबलाचा खण ओढावा तसा आला, सरळ, न अडखळता.

तिने उताराच्या तोंडाशी लाल निशाण लावलं.
खाली एकोणीस जण, नवे कोरे जॅकेट, पैसे भरलेले.
एकाने वर बोट दाखवलं:
मॅडम, आभाळ बघा, एक ढग आहे का?
ढग नव्हता.
असल्याच आभाळाखाली ती साखर तयार होते,
हे तिने सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

मगे? काय झाला?
काय नाय झाला, पपा.
उतार तसाच राहिला. संध्याकाळी गुलाबी झाला.
माणसं खोलीत पत्ते कुटत बसली
आणि माझ्या नावाने बोटं मोडली.

मी दोऱ्याला गाठ मारली. ती चुकली. सोडवली.
मग तिला कधी न सांगितलेलं सांगितलं:
तू तिसरीत होतीस.
दक्षिणेला रात्रभर विजा, पाण्याला खालून ओढ,
तारली कुठे दिसेना.
मी सात होड्या किनाऱ्यावर ठेवायला लावल्या,
अक्षरशः वल्ह्यांवर बसून राहिलो.
वादळ आलं नाही.
वारा नाही, थेंब नाही, काहीच नाही.
लवू कोयंडे एकटा गेला
आणि होडी काठोकाठ बांगड्यांनी भरून आला.
अजून भर एप्रिलच्या उन्हात
तो रस्त्यात मला थांबवतो:
काय रे, छत्री घेव?

पलीकडे बराच वेळ नुसता तिचा श्वास.
तिकडे उणे अकरा आहे, तो ऐकू येतो.

उद्या काय करशील?
पहाटे पुन्हा खणणार. नवा खड्डा.
कालच्या खड्ड्यावरून आजचं बोलत नाहीत.

मग एकदम तिने विचारलं,
लवूकाकांनी तेव्हा बांगडे दिलेले का आपल्याला?
दिलेले. दोन डझन.
तुझ्या आईने तिखलं केलं होतं.
आणि तू?
खाल्लं मी. दोनदा वाढून घेतलं.